खाली कोण हाय?

घाटनांदूरच्या आश्रुबाकाकांनी माझ्याकडे आजवर एकच गोष्ट मागितली. ती म्हणजे वनमालाकाकूंचा, त्यांच्या बायकोचा, आवाज. आणि तो मी माझ्या हातानं पुसून टाकलेला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको.

मी भागवत. नांदूरघाटला बसस्टँडजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोटापाण्याला मोबाईल आणि छंद म्हणाल तर छत्र्या. पावसाच्या नव्हेत, उपग्रहाकडे तोंड करून गच्चीवर बसवतात त्या. त्यातही हल्ली घरोघर दिसतात तसल्या ताटाएवढ्या नाहीत, तर जुन्या, आठ फुटी, बारा फुटी, जाळीच्या. आता त्या कुणी वापरत नाही. ज्यांच्या डोक्यात हे खूळ शिल्लक आहे असे आम्ही मराठवाड्यात सव्वाशे जण असू. कुठल्या तरी लांबच्या देशाचं चॅनल पकडायचं, ग्रुपवर फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी जळायचं, एवढाच उद्योग. भाषा कळत नाही, कार्यक्रम कळत नाही, तरी 'आलं' याचाच आनंद. माझी बायको बबिता म्हणते, हे लग्नाच्या आधी सांगितलं असतं तर विचार करायला वेळ मिळाला असता.

या छत्रीच्या तोंडासमोर तीन-चार पायांवर ॲल्युमिनियमचा एक गोल डबा टांगलेला असतो. त्याला फीड म्हणतात. जाळीवर पडलेला सिग्नल गोळा होऊन त्या डब्यात शिरतो. डबा बोटभर इकडचा तिकडं झाला की टीव्ही कोरा. हे फीड आता बाजारात मिळत नाही. ग्रुपवर कुणाला लागलं की एकच नाव निघायचं, आश्रुबाकाका.

काकांचं घराणं मेंढरांचं. वडील मेंढरं घेऊन निघाले की चार-चार महिने गाव बघायचे नाहीत. काकांची शाळा नववीत सुटली आणि ते परळीला थर्मलच्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली राखेच्या कामाला लागले. तिथल्या कॉलनीत छत्री बसवायला हैदराबादचा एक मिस्तरी आला होता. त्याला खालून पाने देता देता काका वर कधी चढले ते त्यांनाही सांगता येत नाही. ब्याण्णव-त्र्याण्णवला त्यांनी घाटनांदूरला स्वतःची बारा फुटी छत्री उभी केली आणि दीडशे घरांना वायर दिली. मेंढक्याचं पोरगं गावाला टीव्ही दाखवतं याचं त्या काळी लोकांना लई कौतुक होतं. मग ताटाएवढ्या छत्र्या आल्या. पाच-सहा वर्षांत काकांनी सगळ्या वायरी परत गुंडाळून घेतल्या.

धंदा बुडाला तरी माणूस छत्रीपासून हलला नाही. केज, धारूर, परळी, जिथं जिथं केबलवाला बंद पडला तिथं भंगारवाल्याच्या आधी काका पोचायचे. ज्वारीच्या पोत्यात फीड भरून एस.टी.नं घरी आणायचे. कितीकांच्या आत कुंभारमाशीनं मातीची घरं केलेली असायची, परळीकडच्या फीडमध्ये राख बसलेली असायची. काका रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन ती एकेक घासत. मेंढरं विकल्यावर रिकाम्या पडलेल्या वाड्यात अशी पन्नासेक फीड ओळीनं मांडलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्या घरी एवढी लागत नव्हतीच. ती आमच्यासारख्यांसाठी होती.

पण काका माल सहजासहजी देत नसत. फोन केला की पहिला प्रश्न, छत्री किती फुटी? दुसरा, तोंड कुठल्या दिशेला? आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, "खाली कोण हाय?"

याचा अर्थ असा. गच्चीवर एकानं फीड फिरवायचं आणि खाली टीव्हीसमोर बसून दुसऱ्यानं पडद्यावरचा सिग्नलचा आकडा ओरडून सांगायचा, ही जुनी पद्धत. वरच्याला पडदा दिसत नाही. तो सगळा खालच्याच्या आवाजावर चालतो. ज्याच्या खाली कुणी नाही त्याला काका फीड विकत नसत. "एकट्या माणसाचं काम न्हाई ते. फुकट वाया घालवशील," असं म्हणून सरळ फोन ठेवत.

त्यांच्या खाली तीस वर्षं वनमालाकाकू होत्या. काकू शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. अक्षर एक येत नाही. पण काकांनी नव्या छत्रीसाठी त्यांना पडद्यावरचे आकडे तेवढे शिकवले, शून्यापासून शंभरापर्यंत. काकू बसच्या पाटीवरचं गाव वाचू शकत नव्हत्या, पण एकोणसत्तर आणि एकोणऐंशीत त्यांचा कधी घोळ झाला नाही.

मी स्वतः फीड आणायला गेलो ते गेल्या संक्रांतीनंतर. तिसऱ्या प्रश्नाला मी फोनवर बेधडक सांगितलं होतं, "बबिता हाय की." साफ खोटं. मी मोबाईलच्या ॲपवर आकडा बघत वर एकटाच काम करतो. बबिताला छत्रीचं नावसुद्धा काढलेलं खपत नाही.

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. फीड विकायचं तर ते चालू असल्याचा, मधे न तोडलेला व्हिडिओ घेणाऱ्याला पाठवायचा. आणि माल विकला गेला की तो व्हिडिओ विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं, दोघांनीही पुसायचा. कारण एका बहाद्दरानं जुना व्हिडिओ दाखवून मेलेलं फीड तीन जणांच्या गळ्यात मारलं होतं. हा नियम केला ग्रुपच्या ॲडमिननं. ॲडमिन मीच.

काका वर चढले. काकू खाली काकांचा फोन टीव्हीसमोर धरून बसल्या. डाव्या अंगठ्याचं टोक कॅमेऱ्यासमोर येत होतं, ते मी दोनदा सांगूनही हललं नाही. काकूंचा आवाज तेव्हाच जरा बसल्यासारखा होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "थंडीनं हाय."

आणि सुरू झालं.

"अडतीस! बेचाळीस! अवं मागं घ्या, चाळीस झालं! पन्नास! अठ्ठावन्न! बासष्ट… बासष्ट… एकाहत्तर! आलं, आलं! हात काढा आता!"

वरून आवाज आला, "काढला!"

फीडजवळ माणसाचा हात असला की आकडा खोटा दिसतो, म्हणून शेवटी हात काढायचा. काकूंनी हे वाक्य तीस वर्षांत किती हजार वेळा म्हटलं असेल कोण जाणे. त्या दिवशी जेवताना काका तिसऱ्यांदा तिळाच्या पोळीकडं वळले तेव्हाही त्या म्हणाल्या, "हात काढा आता." काका म्हणाले, "काढला!" आम्ही तिघं हसलो. मला वाटतं काकूंना हसताना मी तेव्हाच शेवटचं ऐकलं.

घरी आल्यावर मी तो व्हिडिओ माझ्या यूट्यूब चॅनलवर टाकायला घेतला. नियम करणारा मीच, तेव्हा मोडणाराही मीच. माझ्या चॅनलला साडेतीनशे लोक आहेत, म्हणजे मी कोण मोठा लागून गेलो ते बघा. व्हिडिओत काकूंचं ओरडणं, मधे कुत्रं, मागं कुकरची शिट्टी. मला वाटलं, गावंढळ दिसतंय. मी सगळा आवाज काढला आणि त्यावर फुकट मिळणारं एक ठेक्याचं म्युझिक चढवलं. मग फोन भरला होता म्हणून मूळ व्हिडिओ पुसला. बोट लावायला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

होळीच्या सुमाराला काकूंच्या घशात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, घशातली आवाजाची पेटी काढावी लागली. आता गळ्याला भोक आहे, श्वास तिथून. त्यावर पांढऱ्या मलमलीचा तुकडा. आवाज कायमचा गेला. ग्रुपवर बातमी आली तेव्हा सगळ्यांसारखे मीही हात जोडलेले टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन उघडला.

श्रावणात एक दिवस दुपारी काका माझ्या दुकानात उभे. घाटनांदूरहून अंबाजोगाई, तिथून केज, तिथून नांदूरघाट, तीन एस.टी. बदलून आले होते. चार महिन्यांत माणूस अर्धा झाला होता. पाणी दिलं तर हातात तसंच धरून बसले.

"काकू कशा हायेत?" मी विचारलं.

"काल तेहतीस म्हणाली."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. काकूंना लिहिता येत नाही, बोलणं गेलं, राहिले ते आकडे. काकांनी उशाला पाटी ठेवली. सकाळी ते विचारतात, "आज किती?" आणि काकू पाटीवर आकडा काढतात. ऑपरेशन झाल्या झाल्या साठ होते. मग पन्नास, मग चव्वेचाळीस. तेहतीसला चित्र फुटायला लागतं, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"एक काम हाय तुझ्याकडं, भागवत," काका म्हणाले. "मला तिचा आवाज आठवंना झालाय. तीस वर्स ऐकला, अन् आता आठवायला बसलो की टीव्हीतल्या बायांचा येतो. तिचा येतच न्हाई."

मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"माझ्या फोनात तिचे लई व्हिडिओ होते रे. फीड इकलं की पुसत गेलो. नियम हाय ना आपला." हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, टोमणा म्हणून नाही, आणि तेच मला जास्त लागलं. "ज्यांनी ज्यांनी फीड नेलं त्या समद्यांला फोन लावले. समदे म्हणले, काका, पुसला. तू तर ॲडमिन, तुला काय इचारायचं म्हणून गप बसलो. मग केजचा पंडित म्हणला, तुझ्या चॅनलवर हाय म्हणं. बघितला मी. अंगठा तिचाच हाय."

"काका, त्यात गाणं…"

"हां, गाणं लावलंय तू. तेवढं काढून दे."

आणि मग त्यांनी हातानं दाखवलं, जणू पुढ्यात फीड आहे असं. उपग्रहावर एकाच ठिकाणी दोन चॅनलं बसतात, एक उभं, एक आडवं. फीड पाव फेरा फिरवलं की वरचं जातं आणि त्याच्या खालचं दुसरं येतं. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. त्यांची पक्की समजूत होती की गाण्याच्या खाली काकू आहेत. गाणं बाजूला सरकवलं की काकू येणार.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पाऊस नव्हता, काही अडचण नव्हती. पण त्यांच्या तोंडाकडं बघून माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "बघतो काका. आठ दिवस द्या."

त्यांनी मग पाणी प्यायलं.

पुढचे पंधरा दिवस मी मोबाईल दुरुस्तीतलं जेवढं येतं तेवढं सगळं केलं. पुसलेलं परत आणणारी सॉफ्टवेअरं लावली. लग्नाचे फोटो परत आले, गिऱ्हाइकांचे आधारकार्ड आले, दोन वर्षांपूर्वी कुणी पाठवलेल्या गुड मॉर्निंगच्या फुलांचा ढीग आला. काकू आल्या नाहीत. पंडितला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "मग काकांला सांगून मोकळा हो ना बे. कावून झुलवत बसलास?" बबितानं दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं. तिला मी सगळं सांगितलं होतं, तिच्या नावानं मारलेल्या थापेसकट. ती एवढंच म्हणाली, "माझा आवाज तरी हाय का कुठं तुमच्या फोनात?" मी शोधला. नव्हता.

शेवटी मी फीड खोलून पोत्यात घातलं आणि घाटनांदूरला गेलो. निदान तेवढं तरी परत द्यावं म्हणून.

काकू बाजेवर उशीला टेकून बसल्या होत्या. ओळखल्याचं मानेनं सांगितलं. उशाशी पाटी होती, तिच्यावर अठ्ठावीस लिहिलेलं. काकांनी मला बघितलं आणि घाईघाईनं टीव्ही बंद केला. शर्टाला हात पुसून फोन घ्यायला पुढं केला. त्यांचं ते हात पुसणं मला बघवेना.

"काका, खाली आवाज न्हाई," मी म्हणालो. "गाण्याखाली काहीच न्हाई. तो मी आधीच काढून टाकलता."

त्यांचा हात तसाच पुढं होता. मग म्हणाले, "फिरवून बघितलं का?"

"बघितलं."

"उलटं?"

"उलटंबी बघितलं, काका."

"कावून काढलास रे?"

खोटं बोलायला जागा नव्हती आणि आता इच्छाही नव्हती. "मधे मधे येत होता," मी म्हणालो. "कुत्रं, कुकर… चांगलं दिसंना म्हणून. आणि बबिता माझ्या खाली कधीच नसती. तेबी खोटं सांगितलं तुमाला."

काका चिडले असते, अंगावर आले असते तर बरं झालं असतं. ते पोत्याकडं बघून म्हणाले, "फीड ने परत. इकलेला माल आमी घेत न्हाई." मग बाजेवर काकूंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "लाव. हाय तसा लाव."

मी व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. ठेक्याचं ते फालतू म्युझिक त्या घरात असं काही वाजायला लागलं की मला जागच्या जागी मेल्यासारखं झालं. मी हात पुढं करून आवाज पार बंद केला.

पडद्यावर सिग्नलची पट्टी हलत होती. अडतीस. बेचाळीस. कोपऱ्यात अंगठा.

काकू पुढं झुकल्या. त्यांचे ओठ हलायला लागले. पट्टी चाळीसवर घसरली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली, तीच, मागं घ्या म्हणतानाची. पन्नास. अठ्ठावन्न. गळ्यावरची मलमल वरखाली होत होती, श्वासाची बारीक शीळ येत होती, बाकी काही नाही. बासष्टला त्या थांबल्या, पडद्यावरचा आकडाही तिथंच थांबला होता. पुन्हा बासष्ट. मग एकाहत्तर.

काका पडद्याकडं बघतच नव्हते. ते काकूंच्या तोंडाकडं बघत होते, कान पुढं करून, गच्चीवर उभे असताना करत असतील तसा.

व्हिडिओ संपला. काकांनी बोटानं परत लावला. पुन्हा अडतीस, पुन्हा बेचाळीस. संपला की पुन्हा. चौथ्या वेळेला काकू थकल्या होत्या, ओठ नीट जुळत नव्हते, तरी एकही आकडा त्यांनी सोडला नाही. काकांचं बोट पुन्हा पडद्याकडं गेलं. तेव्हा काकूंनी त्यांचं मनगट धरलं, हळूच फोनवरून उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्याकडं बघून ओठ हलवले. तीनच शब्द होते.

काका खाली मान घालून बसले होते. त्यांनी फोन बाजेवर पालथा ठेवला.

"काढला," ते म्हणाले. "काढला बघ."